माशीची जागा

बंदुकीच्या नळीच्या तोंडाशी जो इवलासा उंचवटा असतो त्यास माशी म्हणतात, आणि मागची खाच, ही माशी व लक्ष्य ही तिन्ही एका रेषेत आली म्हणजे नेम साधला असे समजण्याचा शिरस्ता आहे. माशीने तोंडाचीच जागा का धरावी, याचे कारण भूमितीत आहे. खाच व माशी यांत ६०० मिलिमीटर अंतर असता डोळ्याची चूक एक मिलिमीटरची झाली, तर शंभर मीटरवर गोळी सुमारे १६७ मिलिमीटर चुकते. हेच अंतर ५०० वर आणले की चूक २०० मिलिमीटर होते. तेव्हा माशीला मागे घेणे म्हणजे नेमबाजाच्या हक्काचे काही हिरावून घेणेच होय. तरीही गेल्या तीन शतकांत तिला वारंवार आपली जागा सोडावी लागली किंवा वाटून घ्यावी लागली आहे.

पहिली दावेदार संगीन. प्रारंभी ती नळीच्या छिद्रातच खुपसली जाई, आणि एकदा खुपसली की बार काढण्याची सोय उरत नसे. १६८९ साली स्कॉटलंडमधील किलीक्रँकीच्या लढाईत सरकारी फौजेला हा दोष फार महागात पडला. पुढे नळीभोवती बसणारी पोकळ मुठीची संगीन आली. इंग्रजांच्या ‘ब्राऊन बेस’ बंदुकीवर संगीन अडकवण्याचा चौकोनी खुंटाच माशीचेही काम करी. मागची खाच तर तिला नव्हतीच. असईच्या रणांगणावर १८०३ साली शिंदे-भोसल्यांच्या फौजांसमोर कंपनीच्या पलटणी याच घराण्यातील बंदुका घेऊन उभ्या होत्या. फ्रेंचांनी मात्र निराळी तजवीज केली: १७७७ च्या त्यांच्या बंदुकीत माशी नळी व दस्ता एकत्र बांधणाऱ्या पुढच्या कड्यावर बसवून संगिनीचा खुंट स्वतंत्र ठेवला. माझ्या मते विचारपूर्वक केलेले माशीचे स्थलांतर ते हेच.

खरा पेच पडला तो नळीच्या तोंडाशी आटे पाडण्याची गरज उत्पन्न झाल्यावर. हायरम पर्सी मॅक्सिम यांना १९०९ साली आवाज दाबणाऱ्या नळकांड्याचे अमेरिकन पेटंट मिळाले. त्यांनी नळकांड्याचे छिद्र मुद्दाम मध्याच्या वर ठेवले, जेणेकरून त्याचा बहुतेक भाग खाली लोंबावा आणि माशी झाकली जाऊ नये. परंतु जिथे माशी अगदी काठाला बसलेली, तिथे आटे पाडायला नळी मोकळी कोठून मिळणार? अशा वेळी माशीच मागे न्यावी लागते, आणि हे काम वाटते तितके सरळ नाही. नळी मागे जाड होत जाते, म्हणून माशीची बैठक नव्या जाडीस जुळवावी लागते. खाचेहून ठेंगणी माशी आहे त्याच उंचीवर मागे आणली तर गोळी वर जाऊ लागते, म्हणून तिची उंची किंचित वाढवावी लागते. आणि ती केसभर डावीकडे कलली तरी गोळी उजवीकडे जाते. ही दक्षता न घेता केवळ आटे उत्तम पडले म्हणून समाधान मानणारा कारागीर बंदूक बिघडवतो, असे मी स्पष्ट म्हणेन.

दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४ साली, ब्रिटिशांच्या ‘नंबर ५’ रायफलीला ज्वाला लपवणारे शंकूच्या आकाराचे तोंड दिले गेले आणि माशीची बैठक त्याच्याच अंगाला जोडली. ही बंदूक नेम टिकवत नाही, अशी तक्रार पुढे मलायाच्या जंगलांत तिच्या पाठीस लागली. अमेरिकनांनी १९५७ साली स्वीकारलेल्या एम-१४ मध्ये माशी ज्वालारोधकावरच चढवली. तो ढिला झाला की नेमही ढळे. मला सर्वांत समंजस तोडगा वाटतो तो १९७४ च्या सोव्हिएत एके-७४ चा: तिच्यात माशीची बैठकच पुढे वाढवून आटे त्या बैठकीवर पाडले आहेत, त्यामुळे तोंडाशी काहीही चढवले किंवा उतरवले तरी माशी जागची हलत नाही.