ऋण संख्या आणि केवलमूल्य

शून्यापेक्षा लहान असलेल्या वास्तव संख्येस ऋण संख्या म्हणतात. ती लिहिताना अंकाआधी वजा (−) चिन्ह लावतात, उदा. −३, −७.५. शून्यापेक्षा मोठी संख्या धन संख्या होय. शून्य धनही नाही आणि ऋणही नाही. संख्यारेषेवर एखाद्या संख्येचे शून्यापासून जे अंतर असते, त्यास त्या संख्येचे केवलमूल्य म्हणतात. चिन्हावरून संख्या शून्याच्या कोणत्या बाजूस आहे हे कळते, तर केवलमूल्यावरून ती किती दूर आहे हे कळते. हा भेद ध्यानात घेतल्यास ऋण संख्यांवरील क्रियांचे नियम समजणे सोपे जाते.

संख्यारेषा आणि लहानमोठेपणा

आडव्या संख्यारेषेवर शून्याच्या उजवीकडे धन संख्या व डावीकडे ऋण संख्या दाखवतात. कोणत्याही दोन संख्यांपैकी उजवीकडील संख्या मोठी असते. त्यामुळे ८ ही ३ पेक्षा मोठी असली, तरी −८ ही −३ पेक्षा लहान आहे. उणे ८ अंश तापमान उणे ३ अंशांपेक्षा अधिक थंड असते, ते याच अर्थाने. शून्यापासून समान अंतरावर, परंतु विरुद्ध बाजूंस असणाऱ्या ५ व −५ यांसारख्या संख्यांना परस्परांच्या विरुद्ध संख्या म्हणतात. त्यांची बेरीज शून्य असते.

केवलमूल्य

क्ष या संख्येचे केवलमूल्य |क्ष| असे लिहितात. |५| = ५, |−५| = ५ आणि |०| = ०. अंतर ऋण नसते, म्हणून केवलमूल्यही कधी ऋण नसते. क्ष धन किंवा शून्य असल्यास |क्ष| = क्ष आणि क्ष ऋण असल्यास |क्ष| = −क्ष. येथे −क्ष म्हणजे क्षची विरुद्ध संख्या. क्ष = −५ असेल, तर −क्ष = ५ ही धन संख्या आहे.

अ व ब या संख्यांमधील अंतर |अ − ब| असते. महाराष्ट्रातील कळसूबाई शिखर समुद्रसपाटीपासून १,६४६ मीटर उंच आहे, तर मृत समुद्राची पातळी समुद्रसपाटीखाली सुमारे ४३० मीटर, म्हणजे −४३० मीटर आहे. या दोहोंच्या उंचीतील फरक |१६४६ − (−४३०)| = २,०७६ मीटर, म्हणजे सुमारे दोन किलोमीटर भरतो.

क्रिया

बेरीज: चिन्हे समान असल्यास केवलमूल्यांची बेरीज करून तेच चिन्ह देतात; (−३) + (−४) = −७. चिन्हे भिन्न असल्यास मोठ्या केवलमूल्यातून लहान केवलमूल्य वजा करून मोठ्या केवलमूल्याच्या संख्येचे चिन्ह देतात; (−७) + ४ = −३.

वजाबाकी: एखादी संख्या वजा करणे म्हणजे तिची विरुद्ध संख्या मिळवणे; ४ − (−६) = ४ + ६ = १०.

गुणाकार: भिन्न चिन्हांच्या दोन संख्यांचा गुणाकार ऋण, तर समान चिन्हांच्या दोन संख्यांचा गुणाकार धन असतो. दोन ऋण संख्यांचा गुणाकार धन का, हे वितरण गुणधर्मावरून दाखवता येते. ४ + (−४) = ०, म्हणून (−३) × [४ + (−४)] = ०. कंस सोडवल्यास −१२ + (−३) × (−४) = ० असे मिळते. −१२ मध्ये १२ मिळवल्यावरच शून्य येते; म्हणून (−३) × (−४) = १२.

नेहमी होणाऱ्या चुका

* ‘दोन वजा मिळून अधिक’ हा गुणाकाराचा नियम बेरजेस लावणे. (−३) + (−४) चे उत्तर ७ नसून −७ आहे.
* (−३)² = ९, परंतु −३² = −९. दुसऱ्या राशीत वर्ग केवळ ३ चा आहे.
* |३ + (−८)| चे उत्तर ११ मानणे. आधी आतील बेरीज करावी लागते; |−५| = ५.
* |क्ष| = ५ या समीकरणाची एकच उकल देणे. ५ आणि −५ या दोन्ही संख्या शून्यापासून ५ एकक अंतरावर आहेत.

इतिहास

चिनी गणिती ल्यू हुई यांनी इ. स. तिसऱ्या शतकात, गणनेसाठी धन राशींना तांबड्या व ऋण राशींना काळ्या काड्या वापरण्याची पद्धत नोंदवली आहे. भारतात ब्रह्मगुप्तांनी ब्राह्मस्फुटसिद्धान्त (इ. स. ६२८) या ग्रंथात धन, ऋण व शून्य यांवरील क्रियांचे नियम दिले. धन म्हणजे संपत्ती आणि ऋण म्हणजे कर्ज. मराठी पाठ्यपुस्तकांत हेच शब्द आजही रूढ आहेत. बाराव्या शतकात भास्कराचार्यांनी धन संख्येस धन व ऋण अशी दोन वर्गमुळे असतात, असे बीजगणितात सांगितले.

युरोपात मात्र या संख्यांना दीर्घकाळ विरोध झाला. इंग्रज गणिती फ्रान्सिस मॅसेरेस यांनी १७५८ मध्ये ग्रंथ लिहून त्यांच्या वापरावर आक्षेप घेतला होता. केवलमूल्यासाठी दोन उभ्या रेषांचे चिन्ह जर्मन गणिती कार्ल वायरस्ट्रास यांनी १८४१ मध्ये वापरले.