आरोग्यखात्यावर देखरेख कोणाची?

सार्वजनिक आरोग्याचा इतिहास आपण बहुधा साथींचा आणि औषधांचा इतिहास म्हणून वाचतो. वस्तुतः तो तितकाच कारभाराचाही इतिहास आहे. पाणी, गटारे, लस टोचणे, मृत्यूंची नोंद ही कामे करणाऱ्या अधिकाऱ्याने जाब कोणाला द्यावयाचा, हा त्यातील मूळ प्रश्न होय. प्राणहितेच्या अलीकडे बेज्जूर परिसरात आणि पलीकडे महाराष्ट्रात या प्रश्नाची दोन भिन्न उत्तरे दिली गेली. म्हणून त्याचा मागोवा घेणे अगत्याचे वाटते.

आरंभ मुंबईपासून करावा लागतो. १८६५ च्या कायद्याने तेथे म्युनिसिपल कमिशनर आणि आरोग्य अधिकारी ही पदे निर्माण झाली. कमिशनर आर्थर क्रॉफर्ड आणि आरोग्य अधिकारी डॉ. ह्यूलेट यांनी शहराच्या स्वच्छतेचे काम झपाट्याने हाती घेतले. परंतु कमिशनरच्या खर्चास आवर घालण्याचे पुरेसे बळ त्यावेळच्या जस्टिसांच्या सभेकडे नव्हते. करदाते खवळले. त्यातून १८७२ चा कायदा आला आणि ६४ सभासदांच्या कॉर्पोरेशनात ३२ सभासद करदात्यांनी निवडून द्यावयाचे ठरले. काम अधिकाऱ्याचे, पण पैशाची मंजुरी आणि विचारणा सभेची, ही रीत येथून रुजली.

तिची कसोटी प्लेगाने पाहिली. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागातील रोग हा प्लेगच आहे, असे डॉ. अकासियो व्हिएगस यांनी उघड सांगितले. ते स्वतः कॉर्पोरेशनचे सभासद होते. परंतु फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा होताच सूत्रे सरकारने नेमलेल्या समित्यांकडे गेली. मुंबईत जनरल गॅटेकर आणि पुण्यात रँड यांच्या हाती प्लेगचा कारभार आला. पुण्यात गोऱ्या शिपायांकरवी घरझडत्या झाल्या. लोकांची गाऱ्हाणी ऐकून अधिकाऱ्याला रोखील अशी सभा मध्ये उरली नव्हती. २२ जून १८९७ रोजी रँडवर गोळी झाडली गेली. साथीत त्वरा हवी, हे खरे; पण देखरेख दूर सारली म्हणजे अविश्वास वाढतो आणि लोक रोगी लपवू लागतात, हाही त्या काळाचा धडा आहे. तोच कायदा २०२० मध्ये कोविडच्या वेळी तेलंगणासह अनेक राज्यांनी वापरला.

आता आपल्या भागाकडे वळू. निजामी राज्यात राजुरा आणि किनवट हे तालुके आदिलाबाद जिल्ह्यातच होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी ते मुंबई राज्यात गेले. बेज्जूर आंध्र प्रदेशात राहिले. पुढे महाराष्ट्राने १९६१ चा जिल्हा परिषद कायदा केला. त्यान्वये प्राथमिक आरोग्य केंद्रे जिल्हा परिषदेकडे आली आणि त्यांवर सभासदांच्या आरोग्य समितीची नजर राहिली. तेलंगणात मात्र जिल्हा वैद्यकीय व आरोग्य अधिकारी राज्याच्या खात्याला उत्तरदायी आहे. एकेकाळच्या एकाच जिल्ह्यातील गावांना गाऱ्हाणे मांडण्यासाठी अशी दोन निरनिराळी दारे मिळाली. अर्थात महाराष्ट्रातही २०२२ पासून निवडणुका रखडल्याने अनेक जिल्हा परिषदा प्रशासकांच्या हाती राहिल्या आणि ही देखरेख तेथे कागदावरच उरली.

१९९३ मध्ये अमलात आलेल्या ७३ व्या घटनादुरुस्तीने आरोग्य व स्वच्छता हा विषय पंचायतींना देता येण्याजोग्या २९ विषयांत घातला. २००५ च्या ग्रामीण आरोग्य अभियानातून गावोगावी आरोग्य व स्वच्छता समित्या स्थापण्याची योजना आली आणि वर्षाला १०,००० रुपयांचा मुक्त निधी ठरला. रक्कम लहान आहे. परंतु ती कशावर खर्च झाली, हे विचारण्याचा अधिकार लहान नाही. २०१६ पासून बेज्जूर कुमुरम भीम आसिफाबाद जिल्ह्यात आहे. जिल्ह्याचे ठिकाण जवळ आले, तरी गावची समिती केवळ सहीपुरती राहिली तर पावसाळ्यातील तापाच्या वेळी खात्याला विचारणारे कोणी उरत नाही. आपल्या जुन्या घरांतील जाणत्यांनी त्या बैठकीत बसावे आणि हिशेब मागावा. १८७२ साली मुंबईच्या करदात्यांनी मिळविला तो हाच अधिकार होता.