कारागिराचे घर

वेरूळची लेणी पाहावयास निघालेले प्रवासी एके काळी आपल्या नांदगाव स्टेशनावर उतरत. कैलास कोरणाऱ्या पाथरवटांची नावे मात्र कोणास ठाऊक नाहीत. मग त्यांची घरे कोठून असणार? म्हणूनच कोल्हापुरात राजारामपुरीतील चंद्रकांत मांडरे यांचे घर, आता संग्रहालय झालेले, पाहताना आम्हांस विशेष वाटले. १९५२ च्या ‘छत्रपती शिवाजी’ चित्रपटातील शिवराय म्हणून लोक त्यांस ओळखतात. पण हे घर चित्रकाराचे. रंगाची कोरडी पूड कागदावर घासून त्यांनी निसर्ग उभा केला. त्यांचे गुरू बाबूराव पेंटर हे नाटकाचे पडदे रंगविणारे कारागीर. पडदे फाटतात, सिनेमाची पोस्टरे पावसात गळून पडतात. हातच्या कामाचे बहुधा असेच होते. बाबूरावांच्या ‘सावकारी पाश’मध्ये जमीन गमावलेला शेतकरी शहरात जाऊन गिरणीकामगार होतो. ही तर आमच्या कितीएक सभासदांची कहाणी! त्याच्या १९३६ च्या बोलपटात चंद्रकांत होते. घराच्या वाटणीपायी सख्खे भाऊ कोर्टाचे उंबरे झिजवितात. ह्या गृहस्थाने हयातीतच चित्रांसह घर शासनाच्या, म्हणजे तुमच्याआमच्या, स्वाधीन केले. २००१ साली ते निवर्तले. संग्रहालयाला नाव त्यांचेच आहे.