इग्वानाच्या अंगावर लाल-काळे ठिपके फिरतायत? फवारा हातात घेण्याआधी हे वाचा

कुत्र्याला गोचीड झाली तर काय करायचं, हे गल्लीतलं कुणीही सांगू शकतं. इग्वानाच्या अंगावर किडे दिसले की मात्र विचारायचं कुणाला, हाच पहिला प्रश्न असतो. मग घरात जे सापडेल ते वापरलं जातं. कुत्र्याची पावडर, झुरळांचा स्प्रे, खडू, डांबरगोळ्या, अगदी रॉकेलसुद्धा. बऱ्याचदा किडे मरण्याआधी इग्वानाच आजारी पडतो. माइट्समुळे धडधाकट, मोठा इग्वाना एका रात्रीत मरत नाही, पण चुकीच्या औषधाने मरू शकतो. त्यामुळे घाई न करता आधी हा प्रकार समजून घेतलेला बरा.

हिरवा इग्वाना हा मूळचा मध्य आणि दक्षिण अमेरिकेतला, झाडावर राहणारा, पाला खाणारा सरडा. शेपटीसकट तो दीड मीटरच्या वर जातो आणि नीट सांभाळला तर १५-२० वर्षं जगतो. दुकानात बोटभर पिल्लू विकत घेताना हे फार कमी जणांना माहीत असतं, पण तो वेगळा विषय झाला.

माइट्स म्हणजे नक्की कोण?

माइट्स हे कीटक नाहीत. कोळी आणि गोचीड यांच्या जवळचे हे जीव आहेत. पूर्ण वाढ झालेल्या माइटला आठ पाय असतात. शेतकरी पिकावरच्या ज्या किडीला 'लाल कोळी' म्हणतात, तीही माइटच. फरक एवढाच की ती पानाचा रस पिते आणि इग्वानावरचे माइट्स रक्त.

पाळीव इग्वानावर मुख्यतः दोन प्रकार सापडतात. एक म्हणजे सापांवरचा माइट, शास्त्रीय नाव ओफिओनिसस नॅट्रिसिस. नावात साप असला तरी तो सरड्यांनाही सोडत नाही. उपाशी असताना फिकट आणि रक्त पिऊन झालं की गडद लाल किंवा काळा दिसतो. दुसरा हिर्स्टिएला या गटातला, शेंदरी-लाल रंगाचा, खास सरड्यांवर राहणारा. दोन्ही एक मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून लहान, म्हणजे मोहरीच्या दाण्यापेक्षा बारीक. डोळ्यांना दिसतात, पण मुद्दाम बघितलं तरच.

ते बसतात कुठे, तर जिथे कातडी पातळ आणि आडोसा जास्त तिथे. डोळ्यांच्या कडा, कानाच्या पडद्याभोवती, गळ्याखालची लोंबणारी झालर, बगला, मांड्यांचे सांधे, बोटांच्या बेचक्या, शेपटीच्या मुळाशी. पाठीवरच्या मोठ्या खवल्यांकडे बघून 'काही नाही' असं ठरवणं ही नेहमीची चूक आहे.

खात्री करण्याची साधी युक्ती अशी. पांढरा टिश्यू पेपर ओला करून गळ्याच्या झालरीखालून आणि बगलेतून फिरवायचा. कागदावर ठिपके आले, ते हलले किंवा चिरडल्यावर लालसर डाग पडला, तर माइट्स आहेत. अंगावर राखेसारखी बारीक पांढरी धूळ दिसत असेल तर ती त्यांची विष्ठा असू शकते. इग्वाना सारखा पाण्याच्या भांड्यात जाऊन बसतो, अंग फांदीला घासतो, कात तुकड्या-तुकड्यांनी अडकून राहते, खाणं कमी होतं, हीसुद्धा लक्षणं आहेत.

दोन गोष्टींनी मात्र उगाच घाबरायला होतं. नाकपुड्यांभोवती जमणारा पांढरा थर म्हणजे मीठ. इग्वाना शरीरातलं जास्तीचं मीठ नाकावाटे शिंकून बाहेर टाकतो, ते नैसर्गिक आहे. आणि ओलसर भुशात किंवा कोकोपीटमध्ये फिरणारे पांढुरके बारीक जीव बहुतेक वेळा कुजका पालापाचोळा खाणारे असतात, ते रक्त पीत नाहीत.

खरा अड्डा अंगावर नाही, पिंजऱ्यात

या सगळ्यात लक्षात ठेवण्यासारखी एकच गोष्ट निवडायची तर ही. अंगावर दिसतात ते माइट्स म्हणजे एकूण संख्येचा थोडासा भाग. बाकीचे पिंजऱ्याच्या फटींत असतात.

सापांवरच्या माइटचं आयुष्य बघितलं की कारण कळतं. मादी रक्त पिते आणि अंडी घालायला अंगावरून उतरते. अंधारी, ओलसर, शक्यतो उंचावरची फट शोधते. आयुष्यभरात ती साधारण ६० ते ८० अंडी घालते. अंडी १ ते ४ दिवसांत फुटतात. बाहेर आलेली पहिली अवस्था काहीच खात नाही. दुसरी अवस्था मात्र रक्त प्यायल्याशिवाय पुढे वाढत नाही आणि ते मिळेपर्यंत काही आठवडे उपाशी राहू शकते. त्यानंतर आणखी एक छोटी न खाणारी अवस्था आणि मग प्रौढ माइट. हवामान अनुकूल असेल तर अंड्यापासून प्रौढापर्यंतचा सगळा प्रवास १३ ते १९ दिवसांत होतो. प्रौढ माइट त्यानंतर साधारण ४० दिवस जगतो.

अनुकूल म्हणजे किती? २४ ते ३० अंश तापमान आणि ७५ टक्क्यांच्या वर आर्द्रता. मुंबई, कोकण, गोव्यातला पावसाळा डोळ्यांसमोर आणा! त्यात इग्वानाला स्वतःलाही दमट हवा लागते, म्हणून पिंजरा वर्षभर ओलसर ठेवलेला असतो. म्हणजे पाहुण्यांची सोय मालकानेच केलेली.

म्हणूनच एकदा अंघोळ घालून इग्वाना स्वच्छ दिसला आणि तीन आठवड्यांनी पुन्हा ठिपके आले, तर 'औषध लागू पडलं नाही' असं नसतं. पिंजऱ्यातली पुढची पिढी वर आलेली असते. लोक इथेच कंटाळतात आणि आणखी जहाल औषधाकडे वळतात.

मग करायचं काय?

इग्वाना आणि पिंजरा, दोन्हींवर एकाच दिवशी काम सुरू करायचं. इग्वानाला आधी एका मोठ्या, झाकण जाळीचं असलेल्या प्लॅस्टिकच्या टबमध्ये हलवायचं. तळाला फक्त वर्तमानपत्र किंवा पांढरा टिश्यू. भुसा नाही, सजावट नाही. कागद रोज बदलायचा आणि जुना लगेच पिशवीत बांधून घराबाहेर. पांढऱ्या कागदाचा फायदा म्हणजे माइट्स त्यावर लगेच दिसतात, किती कमी झाले तेही कळतं. या काळात त्याची ऊब आणि यूव्हीबी दिवा बंद करू नये. थंड पडलेल्या इग्वानाला अन्न पचत नाही आणि आजाराशी लढायची ताकदही राहत नाही.

अंघोळीचं पाणी कोमट, ३० अंशांच्या आसपास, खांद्यापर्यंत खोल. २० ते ३० मिनिटं बसू द्यायचं, पण समोर कुणीतरी हवं. पाण्यात बरेच माइट्स बुडून मरतात. हुशार असतात ते कोरड्या डोक्याकडे पळतात, म्हणून ओल्या कापसाने डोकं, कानांभोवतीचा भाग आणि झालर हलक्या हाताने पुसून घ्यायची. साबण, शाम्पू, डेटॉल काही नाही. पशुवैद्याने सांगितलं तर पोव्हिडोन आयोडीन, तेही फिक्या चहाच्या रंगाइतकं पातळ. डोळ्यांच्या कडेला चिकटलेल्या माइट्ससाठी पशुवैद्य डोळ्यांचं मलम देतात, त्याने ते गुदमरतात. पूर्ण अंगाला तेल चोपडण्याची गरज नाही, त्यावर फक्त घाण चिकटते.

इग्वाना पाण्यात हमखास शी करतो, आणि त्याच्या विष्ठेत साल्मोनेला जिवाणू असू शकतात. त्यामुळे स्वयंपाकघराचं सिंक आणि घरच्यांची बादली वापरू नये. नंतर हात साबणाने धुवायचे, पाच वर्षांखालच्या मुलांना या कामापासून लांब ठेवायचं.

आता पिंजरा. हे काम कंटाळवाणं आहे आणि यश यावरच अवलंबून आहे. तळाचा सगळा भुसा, साल, कोकोपीट फेकायचं. फांद्या आणि लाकडी फळ्या उकळत्या पाण्यात बुडवता येत असतील तर ठीक, नाहीतर त्याही फेकलेल्या बऱ्या. रिकामा पिंजरा साबणाच्या गरम पाण्याने घासायचा. काचेचे सांधे, दाराच्या खाचा, दिव्याचं होल्डर, जाळीची कड, स्क्रूंची भोकं, सगळीकडे जुना टूथब्रश पोचायला हवा. नंतर पातळ केलेलं ब्लीच वापरता येतं, पण इग्वाना दुसऱ्या खोलीत असताना, आणि वास पूर्ण जाईपर्यंत धुऊन, उन्हात वाळवून मगच तो परत आत. आपल्याकडे बरेच इग्वाने घरभर मोकळे फिरतात. तसं असेल तर त्याच्या आवडत्या पडद्याची, सोफ्याच्या कोपऱ्याची आणि खिडकीच्या चौकटीचीही तीच गत. व्हॅक्युममधला कचरा लगेच बाहेर टाकायचा.

हे सगळं एकदा करून भागत नाही. माइट्सचं चक्र लक्षात घेतलं तर किमान चार ते सहा आठवडे, दर आठवड्याला सफाई आणि मध्ये अंघोळी, असं धरून चालायला हवं.

घरगुती उपाय जे जिवावर बेततात

झुरळ-मुंगीचा स्प्रे, कीटकनाशक खडू, शेतातली पावडर, कुत्र्यांच्या गोचिडांचं औषध यातलं काहीही इग्वानाच्या अंगावर किंवा बंद पिंजऱ्यात मारू नये. इग्वाना जीभ लावून आजूबाजूचा अंदाज घेतो, म्हणजे पृष्ठभागावर जे असेल ते पोटात जातं. त्यात काचेची टाकी म्हणजे कोंडलेली हवा. डांबरगोळीची वाफही त्याच कारणाने घातक. रॉकेल कातडी भाजतं, ते तर पूर्ण वर्ज्य.

'उन्हात ठेवा, सगळे किडे मरतील' हा सल्लाही सर्रास मिळतो. माइट्स ५० अंशांच्या पुढे मरतात खरे, पण बंद काचेच्या टाकीत तितकं तापमान होईपर्यंत इग्वाना आधीच गेलेला असेल.

सगळ्यात फसवं औषध आयव्हरमेक्टिन. कोरोनाच्या काळात या गोळ्या घराघरांत आल्या. गोवा सरकारने तर मे २०२१ मध्ये सर्व प्रौढांना ती देण्याची घोषणा केली होती. हे औषध माइट्सवर खरोखर चालतं आणि पशुवैद्य सरड्यांना देतातही. पण त्यांचा डोस साधारण ०.२ मिलिग्रॅम प्रति किलो असतो. माणसाची १२ मिलिग्रॅमची एक गोळी म्हणजे एक किलोच्या इग्वानाला लागणाऱ्या डोसच्या ६० पट! गोळी हाताने मोडून हा हिशोब जमत नाही. आणि घरात कासव असेल तर जास्तच सांभाळायचं, कारण कासवांसाठी आयव्हरमेक्टिन जीवघेणं ठरतं. इग्वानाच्या खोलीत फवारलेलं औषध शेजारच्या टाकीत गेलं तरी धोका आहे.

डॉक्टर गाठायचा कधी?

खरं तर पहिल्याच आठवड्यात. त्यातही पिल्लू असेल, तोंडाच्या आतला भाग फिकट दिसत असेल, इग्वाना मलूल पडून असेल किंवा खाणं बंद झालं असेल तर एक दिवसही थांबू नये. शेकडो माइट्स मिळून रक्तक्षय करतात आणि लहान इग्वानाच्या अंगात मुळात रक्त किती असणार? शिवाय चावलेल्या जागी जिवाणूंचा संसर्ग होतो. जाताना फोन करून 'सरपटणारे प्राणी बघता का?' हे आधी विचारायचं, कारण कुत्र्या-मांजरांच्या सगळ्याच दवाखान्यांत ते बघत नाहीत. टिश्यूवर पकडलेले माइट्स चिकटपट्टीत बंद करून सोबत न्यायचे. पशुवैद्य वजन करून इंजेक्शन किंवा पुसण्याचं औषध ठरवतात आणि साधारण दोन आठवड्यांनी पुन्हा बोलावतात. बरा दिसतोय म्हणून ती दुसरी फेरी चुकवायची नाही, पहिल्या वेळी अंड्यात असलेले माइट्स तिथेच सापडतात.

काही जण कागदपत्रांच्या भीतीने दवाखाना टाळतात. हिरवा इग्वाना साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ साली झालेली दुरुस्ती आणि २०२४ चे नियम यांनुसार असे परदेशी प्राणी पाळणाऱ्याने केंद्राच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करायची असते. नोंदणी राहिली असेल तर ती करावी, पण त्यासाठी उपचार अडवून ठेवू नयेत. आणि वैतागून त्याला टेकडीवर किंवा तळ्याकाठी सोडून देणं हा उपाय नाही. फ्लोरिडा, पोर्तो रिको आणि तैवानमध्ये असेच मोकळे झालेले इग्वाने आज डोकेदुखी बनले आहेत. (आपली घोरपड मात्र इग्वाना नव्हे. ती कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे आणि घरी पाळताच येत नाही.)

माइट्स गेले असं कधी म्हणायचं? पांढऱ्या कागदावर, पाण्याच्या भांड्याच्या तळाशी आणि टिश्यूच्या परीक्षेत सलग महिनाभर एकही ठिपका आला नाही तर. त्यानंतर घरात नवा सरडा किंवा साप आणायचा झाला, तर तो तीन महिने वेगळ्या खोलीत, वेगळ्या भांड्यांसह ठेवावा आणि आधी जुन्या इग्वानाचं, मग नव्याचं असं क्रमाने करावं. साप पकडायला जाणाऱ्या सर्पमित्रांच्या घरी इग्वाना असेल, तर बाहेरून आल्यावर कपडे बदलून, हात धुऊनच पिंजऱ्याला हात लावावा. जंगलातल्या सापांच्या अंगावर माइट्स असतात आणि बाहीवरून घरी यायला एक मादीही पुरते.