यंत्राला दृष्टि कशी आली

संगणकाला डोळे देण्याचें बरेंचसें काम एका उन्हाळ्यांत उरकेल, अशी आशा १९६६ सालीं अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधील विद्वानांस होती. सेमूर पॅपर्ट यांनीं त्या वर्षीं जुलैंत जी योजना आखली, तिचें नांवच मुळीं ‘उन्हाळी दृष्टि-प्रकल्प’ असें होतें. तो उन्हाळा सरला. पुढें चाळीस वर्षें लोटलीं, तरी काम अपुरेंच होतें. विद्वानांच्या अंदाजांवर फार विसंबूं नये, हें आम्हां अध्यापकांस निराळें सांगावयास नको!

अडचण होती ती अशी. आपणांस चित्र दिसतें; यंत्रास दिसतात ते केवळ ठिपक्यांच्या उजेडाचे आंकडे. त्या आंकड्यांतून मांजर वेगळें कसें काढावें, याचे नियम माणसांनीं लिहून पाहिले. ते पुरे पडले नाहींत. २०१२ सालीं टोरांटो विद्यापीठांतील क्रिझेव्स्की, सुट्स्केव्हर व हिंटन या त्रयीनें सुमारें १२ लक्ष चित्रें यंत्रापुढें ठेवून ओळखण्याच्या खुणा त्यासच शोधूं दिल्या, आणि त्या वर्षींच्या स्पर्धेंत इतर सर्व फार मागें पडले. २०२० सालीं गूगलमधील संशोधकांनीं चित्राचे १६ × १६ ठिपक्यांचे चौकोन कापले व ते वाक्यांतील शब्दांप्रमाणें ओळीनें यंत्रास वाचावयास दिले. माझ्या मतें खरें वळण येथेंच आलें. चित्र शब्दांच्या पंक्तीस येऊन बसलें, म्हणजे भाषा वाचणाऱ्या यंत्रास तें परकें राहत नाहीं.

प्रोग्रॅम लिहिण्यास मदत करणारें ‘गिटहब कोपायलट’ जून २०२१ मध्यें प्रथम पुढें आलें, तेव्हां तें केवळ अक्षरें वाचीत असे. पडद्यावरचें बटण जागेवरून सरकलें, तर त्याचें वर्णन बिचाऱ्या प्रोग्रॅम लिहिणाऱ्यास शब्दांनींच करावें लागे. वस्तुतः कोपनहेगनच्या टोनी बेल्ट्रामेली यांनीं २०१७ मध्येंच पडद्याच्या एका चित्रावरून प्रोग्रॅम रचणारी पद्धति मांडली होती व शेंकडा ७७ हून अधिक अचूकता नोंदविली होती.

पुढें १४ मार्च २०२३ रोजीं ओपनएआयच्या ग्रेग ब्रॉकमन यांनीं वहींत हातानें रेखाटलेल्या विनोदांच्या पानाचें छायाचित्र ‘जीपीटी-४’ पुढें ठेवलें, आणि थोडक्याच वेळांत चालतें पान तयार झालें. मला त्यांतील एक बारीक गोष्ट अधिक महत्त्वाची वाटते. बटण दाबल्यावर विनोदाचा शेवट उघडावा, ही सूचना त्या रेखाटनांत शब्दांनीं लिहिलेली होती. ती नसती, तर नुसत्या चौकटीवरून यंत्रानें काय ताडलें असतें? पैसे काढण्याच्या पडद्याचें चित्र पाहून बटणाचा रंग व जागा कळेल. परंतु खात्यांत शिल्लक नसतां तें दाबलें तर काय व्हावें, हें चित्रांत कोठेंच नसतें. तेथें यंत्र अनुमान करतें. आणि तें बरोबर कीं चूक, हें खातेदाराचे पैसे जाण्यापूर्वीं कोणीतरी वाचून पाहावें लागतें.