मालकाची किल्ली

बॅटरी वाचावी म्हणून २०१० मध्ये एनव्हिडियाने लॅपटॉपसाठी ‘ऑप्टिमस’ आणले : साधे काम इंटेलची चिप करी, जड काम एनव्हिडियाची. लिनक्स मात्र त्यातून वगळले गेले. ती उणीव २०११ पासून ‘बम्बलबी’च्या स्वयंसेवकांनी भरून काढली.

२०१२ मध्ये विंडोज ८ बरोबर ‘सिक्युअर बूट’ आले. मान्य स्वाक्षरीवाचून फर्मवेअर कोणतीही प्रणाली सुरू होऊ देईना. मॅथ्यू गॅरेट यांनी मायक्रोसॉफ्टचीच स्वाक्षरी असलेला ‘शिम’ सिद्ध केला. त्यात सुसेच्या कल्पनेतून ‘मशीन ओनर की’ आली : यंत्राच्या मालकाने स्वतःची किल्ली नोंदवावी.

आज अंधेरीत वा मुलुंडात लिनक्स बसवताना एनव्हिडियाच्या ड्रायव्हरसाठी अनेकदा हीच किल्ली नोंदवावी लागते. तो अडथळा भासतो. वस्तुतः विकत घेतलेल्या यंत्रावरचा मालकाचा हक्क तेथेच जपला गेला आहे.