डब्यावर खरं तेच लिहिलं होतं

तुपात वनस्पती तूप मिसळलंय का, हे ओळखायची एक जुनी परीक्षा आहे. परीक्षानळीत थोडं वितळलेलं तूप घ्यायचं, तेवढंच तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल घालायचं, फरफ्युरालच्या द्रावणाचे काही थेंब टाकायचे, दोनेक मिनिटं जोरात हलवायचं आणि नळी उभी ठेवून द्यायची. तूप वर तरंगतं, आम्ल खाली बसतं. खालचा थर लालसर गुलाबी झाला की विक्रेत्याची खैर नाही. बोदुआँ परीक्षा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या तपासणीत गंमत अशी की तो लाल रंग वनस्पती तुपाचा नसतोच, तो तिळाच्या तेलाचा असतो. वनस्पती तुपात तिळाचं तेल येतं सरकारी हुकुमाने. दर कारखानदाराने आपल्या मालात किमान 5 टक्के तिळाचं तेल घातलंच पाहिजे, असा नियम स्वातंत्र्याच्या सुमारास झाला. उद्देश एवढाच, की हा माल पुढे कुणी साजूक तुपात मिसळला तर प्रयोगशाळेत तो पकडता यावा. कारखान्यातच खूण करून सोडलेला हा माल. युक्ती अक्कलहुशारीची होती यात शंका नाही. पण ती एकाच प्रश्नाचं उत्तर देत होती: हे तूप आहे की नाही? वनस्पती तूप स्वतःच्या नावाने, सीलबंद डब्यात, अगदी सचोटीने विकलं तर ते खाणाऱ्याच्या शरीरात काय करतं, हा प्रश्न त्या नळीला विचारताच येत नव्हता. आपल्याकडे अन्नाविषयीची भीती पिढ्यान्‌पिढ्या पहिल्या प्रश्नाभोवती फिरत राहिली आणि खरा अपाय दुसऱ्या प्रश्नात दडून बसला होता, असं माझं म्हणणं आहे.

तेलाचं घट्ट तूप करण्याची विद्या जर्मनीतली. विल्हेल्म नॉर्मान याने 1901 मध्ये निकेलच्या साहाय्याने पातळ तेलात हायड्रोजन जिरवून दाखवला आणि पुढच्या वर्षी त्याचं पेटंट घेतलं. पहिल्या महायुद्धानंतर डच कंपन्यांचा असा माल हिंदुस्थानात येऊ लागला. तुपाला परवडणारा पर्याय म्हणून तो इतका खपू लागला की युनिलिव्हरने 1931 मध्ये हिंदुस्थान वनस्पती मॅन्युफॅक्चरिंग कंपनी काढली आणि पुढच्याच वर्षी मुंबईत शिवडीला उत्पादन सुरू झालं. डालडा हे नाव आलं ते 1937 मध्ये. 1945 च्या डिसेंबरात खानदेशात अमळनेरला वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स ही कंपनी उभी राहिली. सभोवती शेंगदाण्याचा मुलूख, त्यामुळे जागा अचूक निवडलेली. आज संगणकाच्या धंद्यात जगभर पसरलेल्या विप्रोचं मूळ याच तेल-तुपाच्या कारखान्यात आहे. कारखानदारांना ठाऊक होतं की गिऱ्हाइकाला नुसतं घट्ट तेल नको आहे. त्याला बोटांच्या चिमटीत कळणारा तुपाचा रवा हवा आहे. म्हणून गरम माल डब्यात भरून सावकाश निवू देत, म्हणजे त्यात तुपासारखे कण धरत. रंग पांढरट, वास जवळजवळ नाही, भाव तुपाहून बराच खाली. करंजीच्या मोहनाला, चिरोट्याच्या साट्याला, लग्नाच्या पंगतीतल्या बुंदीला हे चालू लागलं. आणि तूप विकणाऱ्याच्या मापातही ते शिरलं.

या शेवटच्या गोष्टीची धास्ती मात्र वनस्पतीहून जुनी होती. 1917 साली कलकत्त्यात तुपात जनावरांची चरबी मिसळली जाते हे उघडकीला आलं तेव्हा केवढा गहजब झाला! हजारो ब्राह्मणांनी गंगेच्या काठी प्रायश्चित्त घेतलं, व्यापाऱ्यांच्या जातपंचायतींनी आपल्याच माणसांना दंड केले आणि सरकारला घाईघाईने कायदा दुरुस्त करावा लागला. त्या सगळ्या खळबळीत चरबीने कुणी आजारी पडलं, ही तक्रार मुख्य नव्हती. तक्रार विटाळाची होती: जे तोंडात जायला नको ते फसवून घातलं गेलं. ही तक्रार खोटी म्हणता येणार नाही. पण पुढची सगळी भेसळविरोधी यंत्रणा याच साच्यातून निघाली हे ध्यानात ठेवायला हवं. मुंबई इलाख्याचा 1925 चा भेसळ प्रतिबंधक कायदा घ्या, की स्वतंत्र भारताचा 1954 चा. अमुक पदार्थ म्हणजे काय याची व्याख्या करायची, त्या व्याख्येबाहेरचं काही सापडलं की गुन्हा नोंदवायचा, हाच दोहोंचा पाया.

वनस्पतीवरचं वादळ चाळीसच्या दशकात घोंगावू लागलं. गांधीजींनी 1946 मध्ये ‘हरिजन’मधून त्याच्याविरुद्ध लिहिलं. तुपाचा वेश घेऊन बाजारात फिरणारा हा माल लोकांना फसवतो आणि गोपालनाच्या मुळावर येतो, हा त्यांचा रोख. स्वातंत्र्यानंतर पंडित ठाकुरदास भार्गव यांनी वनस्पतीचं उत्पादनच बंद करावं म्हणून संसदेत विधेयक आणलं. बंदी नको तर निदान रंग तरी घाला, अशी तडजोड पुढे आली. लालभडक वनस्पती कोण तुपात मिसळेल? रतनजोतीच्या मुळ्यांसारख्या रंगांचा विचार झाला, पण खायला निर्धोक, तळताना टिकणारा आणि व्यापाऱ्याला सहजासहजी काढता न येणारा असा एकही रंग पसंतीला उतरला नाही. (अमेरिकेतही लोण्याच्या व्यापाऱ्यांनी मार्गारीनवर हीच वेळ आणली होती. काही राज्यांनी ते गुलाबी रंगवूनच विकायची सक्ती केली आणि 1898 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ती मोडीत काढली.) रंग जमला नाही म्हणून तिळाच्या तेलाची अदृश्य खूण टिकली.

वनस्पती तब्येतीला वाईट आहे असं तेव्हा कुणी म्हणतच नव्हतं, असं नाही. म्हणत होते, आणि भरपूर म्हणत होते. डालडाने डोळे जातात, अंगातली ताकद जाते, ही बोलणी गावोगाव चालत. उंदरांवरच्या काही प्रयोगांनी त्यांना दुजोराही मिळाला. मग सरकारने निरनिराळ्या प्रयोगशाळांतून उंदरांना आणि माणसांनाही वनस्पती खाऊ घालून पाहिलं. निष्कर्ष निघाला की 37 अंश सेल्सिअसच्या आत वितळणारं वनस्पती साध्या शेंगदाणा तेलापेक्षा वाईट ठरत नाही. त्यात अ जीवनसत्त्व घालणं सक्तीचं झालं आणि प्रकरण मिटलं. तपासलं काय गेलं ते पाहण्यासारखं आहे: वजन वाढतं का, अन्न पचतं का, पिल्लं धड होतात का. कुपोषणाने गांजलेल्या देशाने हेच प्रश्न विचारावेत हे स्वाभाविकच. चाळीस वर्षं रोज थोडं थोडं खाल्लं तर पन्नाशीत हृदयाच्या रक्तवाहिन्यांचं काय होतं, हे उंदीर सांगू शकत नव्हता. उंदराला पन्नाशी येत नाही.

दरम्यान शुद्धतेच्या मोजपट्टीची फजिती आपल्याच वऱ्हाडात झाली. तुपातल्या विशिष्ट बाष्पशील आम्लांचं प्रमाण एका आकड्यात मोजतात. तो आकडा ठरावीक मर्यादेखाली गेला की तूप भेसळीचं. पण ज्या गाई-म्हशींना सरकी भरपूर मिळते त्यांच्या अस्सल तुपाचाही आकडा खाली येतो. म्हणजे यवतमाळच्या शेतकऱ्याने घरच्या म्हशीचं लोणी कढवून विकलेलं तूप कागदोपत्री नापास होण्याची पाळी. शेवटी नियमांत कापूस पिकवणाऱ्या पट्ट्यासाठी वेगळी, खालची मर्यादा घालावी लागली. मग ज्याला भेसळच करायची होती त्याचं तिथे फावलं, हे ओघाने आलंच.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे. तेलात हायड्रोजन अर्धवट जिरवला की स्निग्धाम्लांचे काही रेणू जागच्या जागी पीळ बदलतात. हीच ती ट्रान्स स्निग्धाम्लं. वनस्पतीला घट्टपणा येतो, ते लवकर खवट होत नाही, त्यात तळलेली शंकरपाळी आठवडाभर खुसखुशीत राहतात, यात मोठा वाटा याच रेणूंचा. फ्रेड कुमेरो या शास्त्रज्ञाने 1957 मध्ये माणसांच्या मृतदेहांतल्या ऊतींमध्ये ती सापडल्याचं दाखवलं, पण त्याच्याकडे फारसं कुणी लक्ष दिलं नाही. 1990 मध्ये नेदरलँड्समधल्या मेन्सिंक आणि काटान यांनी माणसांवर नियंत्रित आहाराचा प्रयोग करून सिद्ध केलं की ट्रान्स स्निग्धाम्लं वाईट कोलेस्टेरॉल वाढवतात आणि वर चांगलं कमी करतात. 2003 मध्ये डेन्मार्कने त्यांच्यावर 2 टक्क्यांची मर्यादा घातली. भारतीय वनस्पतीच्या काही नमुन्यांत तेव्हा त्यांचं प्रमाण 40 टक्क्यांहून जास्त भरत होतं. म्हणजे हिशेब असा होतो: जितकं तूप जास्त आणि वनस्पतीची भेसळ कमी, तितकी ट्रान्स कमी, आणि सर्वांत जास्त कुठे, तर भेसळीचा लवलेश नसलेल्या, तिळाच्या तेलाची खूण प्रामाणिकपणे वागवणाऱ्या, कायद्याच्या प्रत्येक कलमात बसणाऱ्या सीलबंद डब्यात. त्या डब्यावर खरं तेच लिहिलेलं होतं. कुणीही कुणाला फसवलेलं नव्हतं.

यावर पहिला आक्षेप येईल तो पश्चात्‌बुद्धीचा. 1950 मध्ये जे जगात कुणालाच नीट ठाऊक नव्हतं त्यासाठी त्या पिढीला बोल का लावायचा? बोल 1950 ला नाहीच. पण 1990 नंतर तर ठाऊक होतं. तरी भारतात मर्यादा आली ती 2010 नंतरच्या दशकात, आधी 10 टक्क्यांची, मग 5 ची. 2021 मध्ये 3 आणि 2022 मध्ये 2 टक्के. डेन्मार्कपासून मोजलं तरी जवळजवळ दोन दशकं. उलट 1983 मध्ये वनस्पतीत आयात केलेली गाईची चरबी मिसळल्याचं प्रकरण फुटलं, तेव्हा संसद हादरली, मोर्चे निघाले आणि त्या चरबीच्या आयातीवर त्याच वर्षी बंदी आली. विटाळ ऐकू आला की सरकार धावतं. रक्तवाहिन्या तुंबल्याचा आवाज होत नाही. हा दोष एकट्या सरकारचा नाही. मोर्चे ज्यासाठी निघतात त्यासाठीच सरकार धावतं.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. फसवणूक हा स्वतंत्र अपराध आहे. मी तुपाचे पैसे मोजले तर मला तूपच मिळालं पाहिजे, मग त्याने माझी प्रकृती बिघडो वा सुधारो. अगदी मान्य. व्रतस्थ माणसाला चरबी खाऊ घालणं हा गुन्हा ठरवायला कोलेस्टेरॉलचा अहवाल लागत नाही. शिवाय भेसळ कधीकधी थेट जीव घेते: मोहरीच्या तेलात पिवळ्या धोतऱ्याच्या बियांचं तेल मिसळल्याने 1998 मध्ये दिल्लीत जलशोथाची साथ आली आणि अनेक माणसं दगावली. म्हणून शुद्धतेचा पहारा उठवावा असं कुणी म्हणणार नाही. तक्रार ही आहे की हा पहारा आहे म्हणजे झालं, या भरवशावर आपण निर्धास्त राहिलो. शुद्ध म्हणजे निर्धोक असं गृहीत धरलं.

तिसरा सूर जुन्या माणसांचा: बघा, साजूक तूपवालेच बरोबर होते ना! योगायोगाने, हो. पण त्यांची कारणं वेगळी होती आणि ती चुकीची होती. डालडाने कुणी आंधळं झालं नाही. चुकीच्या कारणाने बरोबर निघालेली भीती दुसऱ्यांदा उपयोगी पडत नाही, कारण पुढचा धोका ओळखायचा कसा हे ती शिकवत नाही. आणि ज्या घरात तुपाचा थेंब परवडत नव्हता त्या घरातल्या पोळीला वनस्पतीने पहिल्यांदा स्निग्धता दिली, हेही जमाखर्चात मांडायला हवं. साजूक तुपातही संपृक्त स्निग्धाम्लं भरपूर असतात. आज डब्यांवर ‘शुद्ध देशी’ लिहिलेलं वाचून ते वाटीवाटीने पिणाऱ्यांना हा इतिहास काहीच दिलासा देत नाही.

2022 नंतरचं वनस्पती म्हणजे बहुतांशी घट्ट पामतेल आहे. ट्रान्स गेली, संपृक्त आली. अदलाबदल फायद्याची आहे, फुकटची नाही. तिकडे 2025 मध्ये महाराष्ट्राच्या विधानसभेत बनावट पनीरचा विषय गाजला. दुधातली मलई काढून तिच्या जागी वनस्पतिजन्य स्निग्धांश भरलेला गोळा हॉटेलांत पनीर म्हणून वाढला जातो, ही तक्रार रास्तच होती, आणि पदार्थाचं खरं नाव मेनूकार्डावर छापा ही मागणीही रास्त होती. पण त्याच हॉटेलच्या मागच्या बाजूला सकाळपासून तापत असलेल्या कढईत जे अस्सल पनीर तळलं जातं, त्या तेलालाही एक मर्यादा लागू आहे. वारंवार तापवून तेलात तयार होणारी ध्रुवीय संयुगं 25 टक्क्यांवर गेली की ते तेल वापरायचं नाही, असा नियम 2018 च्या जुलैपासून आहे. ती मोजायला हातात मावणारं यंत्र मिळतं. तेलात बुडवलं की काही क्षणांत आकडा दिसतो. हॉटेलात पनीर खरं आहे का, हे विचारणारी गिऱ्हाइकं आता पुष्कळ आहेत. तो आकडा विचारणारं गिऱ्हाईक अजून तरी वेटरच्या पाहण्यात नसेल.